हाँगकाँगमधला हरवलेला किनारा

समजा, तुम्ही हाँगकाँगला गेला आहात आणि ट्राममधून ‘वान चाय’ भागात उतरलात. या नावाचा अर्थ ‘लहान खाडी’. साहजिकच तुम्ही पाणी शोधू लागाल. पण डावीकडे इमारती, उजवीकडे इमारती, आणि त्यांच्या फटींतून दिसणारे थोडेसे आकाश! पाण्याचा मागमूस नाही. डोंगराच्या बाजूला थोडे चालत गेलात, तर क्वीन्स रोड ईस्ट या रस्त्यावर मोठ्या शिळांना टेकून उभे असलेले एक छोटे मंदिर लागेल. ते हुंग शिंग या समुद्रदेवतेचे आहे. मंदिर उभे राहिले तेव्हा समोर लाटा येत होत्या. आज मंदिरापासून समुद्र अर्ध्या किलोमीटरहूनही दूर आहे.

देव जागच्या जागी आहे. किनारा मात्र सरकला आहे. हे एकदा लक्षात आले, की या शहरात कोणते वाहन कोठे धावते आणि का, याचा उलगडा होऊ लागतो.

हाँगकाँग बेट म्हणजे बहुतेक डोंगरच. त्याचा व्हिक्टोरिया शिखर हा माथा ५५२ मीटर उंच आहे आणि तेथून उतार जवळजवळ थेट समुद्रात जातो. समोर कौलून द्वीपकल्प आणि मधे खोल पाण्याचे सुरक्षित बंदर. १८४१ मध्ये ब्रिटिशांनी बेटाचा ताबा घेतला तो या बंदरासाठी. (१ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग पुन्हा चीनकडे गेले.) जहाजांना खोल पाणी मिळाले, पण माणसांना सपाट जमीन मिळाली नाही. मग ती तयार करण्यात आली : समुद्रात भराव घालून. पहिला मोठा रस्ता, क्वीन्स रोड, किनाऱ्याला धरून होता. म्हणूनच तो आजही नागमोडी वळतो. त्याच्यापुढची सरळ रेषेत आखलेली बरीचशी जमीन माणसाने केलेली आहे.

ट्राम याच सपाट पट्ट्यावर धावते. ती १९०४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा मार्ग बऱ्याच ठिकाणी समुद्राजवळून जात होता. आज केनेडी टाउनपासून शाऊ केई वानपर्यंतचा हा सुमारे १३ किलोमीटरचा मार्ग म्हणजे जुन्या किनाऱ्याची जणू पुसट रेघच आहे. ट्राम दुमजली आहे. मागच्या दाराने चढायचे आणि उतरताना पुढच्या दाराशी पैसे द्यायचे. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. तिच्या आठवणी सांगणारे कोणी घरात असतील, तर त्यांना हे वर्णन ऐकवा. पहिल्यांदा जाणाऱ्याने वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसावे. घाई असेल त्याने मात्र या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

ट्राम डोंगरावर का चढत नाही? पोलादी रुळांवर पोलादी चाक फार कमी घर्षणाने फिरते. सपाटीवर हा फायदा असतो. चढावर हाच तोटा होतो, कारण चाक घसरते. आपल्या बोरघाटात ३७ मीटर अंतराला १ मीटर एवढाच चढ आहे, तरी गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. व्हिक्टोरिया शिखराकडे जाणाऱ्या ‘पीक ट्राम’च्या मार्गावर तर काही ठिकाणी २ मीटरला जवळजवळ १ मीटर चढ आहे! म्हणून १८८८ मध्ये सुरू झालेली ही गाडी चाकांच्या जोरावर चढतच नाही. तिला जाड पोलादी दोर ओढतो. दोराच्या एका टोकाला चढणारा डबा, दुसऱ्या टोकाला उतरणारा डबा. विहिरीवरच्या रहाटाला दोन पोहरे बांधले, तर एक उतरताना दुसऱ्याला वर आणतो, तसेच हे आहे. दोन्ही डब्यांचे वजन एकमेकांना तोलते. त्यामुळे यंत्राला दोन डब्यांतील प्रवाशांच्या वजनातला फरक आणि घर्षण एवढ्यांवरच मात करावी लागते. मार्ग एकेरी आहे; मध्यावर तेवढे दोन फाटे आहेत, तेथे डबे एकमेकांना ओलांडतात.

वर जाताना एक गंमत पाहा. खिडकीतून दिसणाऱ्या उंच इमारती शिखराकडे कलल्यासारख्या वाटतात. इमारती अर्थातच सरळ असतात. कललेले असता तुम्ही. डब्याची चौकट आणि जमीन तिरपी असते, पण मेंदू तिलाच सरळ धरून चालतो आणि कलण्याचे खापर इमारतींवर फोडतो.

डोंगराच्या मधल्या टप्प्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक उपाय आहे : सरकते जिने. १९९३ मध्ये सुरू झालेली ही जिन्यांची आणि सरकत्या वाटांची मालिका ८०० मीटरहून लांब असून ती १३५ मीटर उंची चढते. ५० किलोग्रॅम वजनाच्या विद्यार्थ्याला एवढे वर नेण्यासाठी ५० × ९.८ × १३५, म्हणजे सुमारे ६६ हजार ज्यूल कार्य करावे लागते. हे फक्त १६ किलोकॅलरी होतात. पण आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कामी लावतात, बाकीची उष्णता होते. हाँगकाँगच्या दमट उन्हाळ्यात घाम वाळत नाही, त्यामुळे ती उष्णता शरीराबाहेर पडणे अवघड जाते. मात्र जिन्यांची वेळ सांभाळा. सकाळी १० पर्यंत ते खाली जातात, कारण लोक कामावर निघालेले असतात; त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत वर. सकाळी नऊला वर जायला निघालात, तर शेजारच्या दगडी पायऱ्या आहेतच.

आता बंदर ओलांडायचे. खालून जायचे तर भुयारी रेल्वे आहे. तिची गाडी १९८० पासून बंदराच्या तळातून धावते. हे भुयार खडक पोखरून केलेले नाही. आधी मोठमोठ्या नळ्या तयार केल्या, दोन्ही तोंडे बंद करून त्या पाण्यावर तरंगवत नेल्या, आणि तळाशी खोदलेल्या चरात बुडवून एकमेकींना जोडल्या. काँक्रीट तरंगते कसे, हा प्रश्न पडला असेल, तर आर्किमिडीजचे तत्त्व पुन्हा वाचा. नळी आत पोकळ असते, हे विसरू नका.

वरून जायचे, तर ‘स्टार फेरी’ची हिरवी-पांढरी बोट. या सेवेचा पाया दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी घातला. त्यांची कंपनी १८८८ मधली. ‘स्टार’ हे नाव १८९८ मधले. बोट दोन्ही टोकांकडून सारखीच चालते, म्हणून परतताना तिला वळावे लागत नाही. प्रवासी फक्त बाकाची पाठ उलटी करून घेतात.

प्रवास दहा मिनिटांच्या आतबाहेरचा असतो, आणि तेवढ्यात बोट चांगलीच हेलकावते. वारा नसला तरी हे असे का? एका लांबट परातीत पाणी घ्या. एका टोकाला वाळूचा उतार करा, दुसऱ्या टोकाला पाटी उभी धरा. मधे पट्टीने लाटा उठवा. उतारावर चढणारी लाट फुटून विरते. उभ्या पाटीवर आदळलेली लाट परत फिरते. भरावाने बंदराच्या दोन्ही काठांवर अशा उभ्या भिंती आल्या आणि मधले पाणी अरुंद झाले. एका बोटीने उठवलेल्या लाटा भिंतींवरून परतून दुसऱ्या बोटीला हलवतात.

बंदर असेच आकसत गेले, तर उरेल काय, असे तेथील लोकांनी विचारले. १९९७ मध्ये बंदराच्या रक्षणासाठी कायदा झाला. जानेवारी २००४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इतर सर्व विचारांवर मात करील अशी जनतेची निकड असल्याखेरीज बंदरात भराव घालता येणार नाही. दुसरी बाजूही खरी आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या विमानतळाची बहुतेक जमीन भरावाची आहे, आणि तेथून २४ मिनिटांत शहरात आणणारी गाडी ज्या स्थानकात थांबते तेही भरावावरच. म्हणजे पाहुण्याचे पहिले पाऊल बहुधा जुन्या समुद्रातच पडते!

या बहुतेक वाहनांसाठी ‘ऑक्टोपस’ नावाचे एकच कार्ड चालते. ते १९९७ मध्ये आले. त्यात विद्युत्‌घट नाही. यंत्राजवळ नेताच यंत्राच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे कार्डातील वेटोळ्यात विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो आणि त्यावर आतील चकती काम करते. फॅराडेचा प्रयोग खिशात घालून फिरण्यासारखेच हे आहे. कार्डाच्या चिनी नावात ‘आठ’ हा अंक आहे. आठही दिशांना पोहोचवणारे, असा त्याचा भाव. ऑक्टोपसलाही भुजा आठच!

वादळाच्या दिवसांत मात्र कार्ड असूनही अडकाल. वेधशाळेने ८ क्रमांकाचा इशारा दिला, की बोटी धक्क्याला बांधल्या जातात आणि बसगाड्याही हळूहळू बंद होतात. तेव्हा निघण्यापूर्वी इशारा पाहा. आणि नकाशा ताजा घ्या. सेंट्रल भागातील फेरीचा धक्का २००६ मध्ये नव्या भरावाच्या कडेला, आणखी पुढे गेला. घड्याळाचा मनोरा असलेला जुना धक्का लोकांचा विरोध असतानाही पाडला गेला. जुना नकाशा हाती धरून बोट पकडायला निघालात, तर ज्या जागी पाणी दाखवले आहे तेथे तुम्ही कोरड्या पायांनी उभे असाल.