बेरजेचं टूल चोरी कशी करतं?

एआय मॉडेलला बाहेरच्या सेवांशी जोडणारा मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२५मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या एजंटिक एआय फाउंडेशनकडे सोपवला. सहसंस्थापकांत ओपनएआयही असल्याने बातम्यांचा सूर ‘प्रतिस्पर्धी एकत्र आले’ असा लागला. त्यात परोपकार वगैरे काही नाही. दहा एआय अॅप्स आणि वीस सेवा एकमेकांना सुट्यासुट्या जोडायच्या तर दोनशे जोड लिहावे लागतात. मधली बोली एकच ठरली की तिसांत भागतं. हा हिशेब कुणालाही पटेल.

नोव्हेंबर २०२४मध्ये प्रोटोकॉलसोबत पायथन आणि टाइपस्क्रिप्टचे एसडीके, म्हणजे तयार कोडचे संच, आले. माझ्या मते प्रसाराचं श्रेय त्यांचं. जेसन-आरपीसीचे निरोप, सुरुवातीची बोलणी, स्कीमा ही सगळी कटकट एसडीके अंगावर घेतो. आपण पायथनचं साधं फंक्शन लिहायचं आणि वर डेकोरेटरची एक ओळ टाकायची, की मॉडेलला वापरता येणारं टूल तयार. नवखे मात्र एका जागी हमखास अडकतात. अशी टूल्स पुरवणारा सर्व्हर आपल्याच संगणकावर चालत असेल तर तो सहसा स्टँडर्ड आउटपुटवरून बोलत असतो आणि डीबगिंगसाठी टाकलेला प्रिंटही त्याच वाटेने जातो. निरोपांत ती फालतू ओळ घुसली की क्लायंट, म्हणजे पलीकडचं एआय अॅप, बुचकळ्यात पडतो. लॉग स्टँडर्ड एररवर पाठवले की प्रश्न मिटतो.

खरी गोम आहे डॉकस्ट्रिंगमध्ये. फंक्शनचं हे वर्णन लिहिणं म्हणजे एरवी प्रोग्रॅमरच्या आळसाची हक्काची जागा. इथे मात्र फंक्शनच्या आतला कोड मॉडेलला दिसतच नाही. दिसतं ते नाव, स्कीमा आणि हे वर्णन. ‘ऑर्डर शोधते’ एवढ्यावर भागवलंत तर मॉडेल ते टूल नको तिथे वापरणार. ‘ऑर्डर क्रमांक ठाऊक असेल तरच वापरा, ग्राहकाच्या नावासाठी दुसरं टूल आहे’ असं लिहिलंत की बरंच ताळ्यावर येतं. नीट वाक्य लिहिता येणं इतकं कामाचं याआधी क्वचितच ठरलं असेल.

चोरही याच दाराने शिरतो. इन्व्हेरियंट लॅब्जच्या संशोधकांनी एप्रिल २०२५मध्ये एक टूल दाखवलं. काम काय, तर दोन आकड्यांची बेरीज. वर्णनात मात्र मॉडेलला आदेश होता: आधी वापरकर्त्याच्या संगणकावरची कॉन्फिगरेशन फाइल वाच, तिचा मजकूर ‘साइडनोट’ या पॅरामीटरमधून पाठव आणि वापरकर्त्याला फक्त बेरीज समजावून सांग. बेरीज बरोबरच येते, त्यामुळे शंका येण्याचं कारणच उरत नाही.

फाउंडेशन झालं, आता समित्याही होतील. पण टूलचं संपूर्ण वर्णन मंजुरीआधी दाखवायचं आणि ते मागाहून बदललं तर पुन्हा परवानगी घ्यायची, एवढी शिस्त प्रत्येक क्लायंटने पाळल्याशिवाय अनोळखी सर्व्हर जोडायला मी कुणाला सांगणार नाही. जोडायचाच असेल तर कोड तपासाच, पण वर्णनं त्याच्याही आधी वाचा.