एक्सएमएलच्या आधारे संकेतस्थळावरील मेनूची गतिमान रचना : संकल्पना, कार्यपद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना :

महाविद्यालयाचे संकेतस्थळ हे आता केवळ परिचयपत्र राहिलेले नाही. प्रवेशाच्या तारखा, शिष्यवृत्तीच्या सूचना, परीक्षेचे वेळापत्रक, तक्रार निवारण समितीची माहिती यांसाठी विद्यार्थी व पालक प्रथम संकेतस्थळाकडेच वळतात. परंतु माहिती उपलब्ध असणे आणि ती सापडणे या दोन भिन्न गोष्टी होत. माहितीपर्यंत नेणारी वाट म्हणजे संकेतस्थळावरील मेनू.

समजा, एका महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ६० पाने आहेत आणि प्रत्येक पानाच्या एचटीएमएल मजकुरातच मेनू लिहिलेला आहे. 'शिष्यवृत्ती' हा एक नवा दुवा द्यावयाचा झाल्यास ६० फाइली उघडून दुरुस्त कराव्या लागतात. त्यांपैकी ५ राहून गेल्या, तर त्या पानांवर आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती योजना जणू अस्तित्वातच नसते. या अडचणीवरील उपाय म्हणून मेनूची माहिती एक्सएमएल स्वरूपात एकाच ठिकाणी ठेवून तीवरून मेनू आपोआप तयार करण्याच्या पद्धतीचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एक्सएमएल : संकल्पना व स्वरूप

एक्स्टेन्सिबल मार्कअप लँग्वेज म्हणजेच एक्सएमएल ही वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेली भाषा होय. १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या एसजीएमएल या भाषेचे ते सुटसुटीत रूप आहे. एचटीएमएलमधील टॅग ठरलेले असतात. एक्सएमएलमध्ये मात्र टॅगची नावे वापरणाऱ्याने स्वतः ठरवावयाची असतात. माहिती कशी दिसावी हे एक्सएमएल सांगत नाही. माहिती काय आहे आणि तिच्या भागांचा परस्परसंबंध कोणता, एवढेच ती सांगते.

एक्सएमएल युनिकोडवर आधारलेली असल्यामुळे टॅगची नावे देवनागरीतही देता येतात. पुढील नमुना पाहावा :

<मेनू>
  <घटक शीर्षक="मुखपृष्ठ" पत्ता="/मुखपृष्ठ"/>
  <घटक शीर्षक="विद्यार्थी कक्ष">
    <घटक शीर्षक="प्रवेश" पत्ता="/प्रवेश"/>
    <घटक शीर्षक="शिष्यवृत्ती" पत्ता="/शिष्यवृत्ती"/>
  </घटक>
</मेनू>

येथे 'मेनू' हे मूळ, 'विद्यार्थी कक्ष' ही फांदी आणि 'प्रवेश', 'शिष्यवृत्ती' ही पाने होत. मेनूची रचना मुळातच वृक्षासारखी असते आणि एक्सएमएल दस्तऐवजाचीही तशीच असते. म्हणूनच या दोहोंचा मेळ सहज बसतो. फाइल यूटीएफ-८ संकेतनात जतन करणे मात्र आवश्यक आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेला मराठी मजकूर संगणकाच्या दृष्टीने निरर्थक रोमन अक्षरांची जुळणी ठरतो आणि शोधयंत्रांनाही तो सापडत नाही.

कार्यपद्धती :

मेनू तयार होण्याची प्रक्रिया तीन टप्प्यांत विभागता येते.

१) वाचन : पानाची मागणी येताच सर्व्हरवरील प्रोग्रॅम एक्सएमएल फाइल वाचतो आणि तिचा वृक्ष स्मृतीत उभा करतो. हे काम करणाऱ्या घटकास पार्सर म्हणतात.

२) रूपांतर : प्रोग्रॅम प्रत्येक 'घटक' घेऊन एचटीएमएल यादीतील एक ओळ तयार करतो. त्या घटकाच्या पोटात आणखी घटक असल्यास आतील यादी सुरू करून तोच प्रोग्रॅम स्वतःला पुन्हा बोलावतो. यास पुनरावर्ती पद्धती म्हणतात. यामुळे मेनू दोन पातळ्यांचा असो वा पाच, प्रोग्रॅममध्ये बदल करावा लागत नाही.

३) संदर्भानुसार खूण : चालू पानाचा पत्ता वृक्षातील पत्त्यांशी ताडून पाहिला जातो. जुळणारा घटक ठळक केला जातो. त्या घटकापासून मुळापर्यंत मागे गेल्यास 'मुखपृष्ठ' ते चालू पान असा मार्गही दाखविता येतो.

यासाठी अनेक साधने उपलब्ध झाली. १९९९ साली शिफारस झालेली एक्सएसएलटी ही भाषा अशा रूपांतरासाठीच घडविलेली आहे. २००४ मधील पीएचपी ५ मध्ये सिंपलएक्सएमएल ही सोपी सुविधा आली, तर २००५ मधील एएसपी डॉट नेट २.० मध्ये एक्सएमएल स्वरूपातील साइटमॅप फाइलवरून मेनू दाखविणारे तयार घटक देण्यात आले.

दक्षता व मर्यादा :

एचटीएमएलमधील लहानसहान चुका ब्राउझर पोटात घालतो. एक्सएमएल पार्सर तसे करीत नाही. एक टॅग बंद करावयाचा राहिला अथवा 'कला व वाणिज्य' यातील 'व'ऐवजी '&' हे चिन्ह तसेच लिहिले, तर पार्सरने तेथेच थांबावे असा नियम आहे. परिणामी एका चुकीने सर्व ६० पानांवरील मेनू एकाच वेळी नाहीसा होऊ शकतो. म्हणून नवी फाइल प्रथम तपासून मगच वापरात आणावी आणि आधीच्या निर्दोष मेनूची प्रत राखून ठेवावी. ही प्रत वापरल्याने प्रत्येक मागणीस फाइल पुन्हा वाचण्याचा भारही टळतो. मूळ फाइल बदलली असेल तेव्हाच मेनू नव्याने बांधावा.

मेनू शक्यतो सर्व्हरवरच तयार करावा. केवळ ब्राउझरमधील जावास्क्रिप्टवर तो अवलंबून असल्यास, ती न चालल्यास मेनूच उमटत नाही. तसेच माउस वर नेल्यावरच उघडणारी उपसूची स्पर्शपटलाच्या मोबाइलवर आणि केवळ कळफलक वापरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यास गैरसोयीची ठरते. साध्या एचटीएमएल यादीच्या स्वरूपातील मेनू पटलवाचक प्रणालीस नीट वाचता येतो.

प्राध्यापक, विद्यार्थी व अभ्यागत यांना भिन्न मेनू दाखविणे शक्य आहे. परंतु दुवा लपविणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. पत्ता ठाऊक असलेली व्यक्ती थेट त्या पानावर पोहोचू शकते. त्यामुळे अधिकाराची तपासणी त्या पानावरही झालीच पाहिजे.

आज अशी माहिती जेसन स्वरूपात किंवा आशय व्यवस्थापन प्रणालीच्या डेटाबेसमध्ये ठेवण्याचा प्रघात अधिक आहे. साधन बदलले असले, तरी माहिती व मांडणी वेगळी ठेवण्याचे तत्त्व तेच आहे.

निष्कर्ष :

एक्सएमएलवर आधारित मेनूमुळे बदल एकाच ठिकाणी करावा लागतो, सर्व पानांवर एकवाक्यता राहते आणि मराठी मजकूर मूळ स्वरूपात जतन होतो. अशी फाइल प्रोग्रॅमिंग न जाणणाऱ्या प्राध्यापकासही वाचता येत असल्याने संकेतस्थळ एकाच तंत्रज्ञावर अवलंबून राहत नाही. मात्र मेनूत कोणत्या बाबीस कोणते स्थान द्यावे, हे कोणताही प्रोग्रॅम ठरवीत नाही. तक्रार निवारण समितीचा दुवा पहिल्या पातळीवर असावा की चौथ्या, हा निर्णय महाविद्यालयाचा असतो आणि तो विद्यार्थ्याची गरज पाहूनच घेतला जाणे उचित होय.