पडद्याआडचं ताट आणि काबूलची तार

माणूस घरातून निघून गेलाय आणि त्याचं ताट मात्र रोज रिकामं होतंय, असं कधी ऐकलंय? १९४१च्या जानेवारीत कलकत्त्याला एल्गिन रोडवरच्या बोस कुटुंबात हे बरेच दिवस चाललं होतं.

उपोषण करून सुभाषबाबू तुरुंगातून सुटले खरे, पण घराबाहेर साध्या वेशातले पोलीस आणि टपालात पत्रं उघडून वाचणारे वेगळेच! मग त्यांनी सांगून टाकलं, आता एकांतात साधना, कुणाला भेटणार नाही. खोलीत पडदा लागला. ताट पडद्याखालून आत सरकवायचं.

१६ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर ते वेश पालटून पुतण्या शिशिरच्या मोटारीतून निसटले. ताट मात्र येतच राहिलं. पुतणी इला आणि दुसरे पुतणे ते गुपचूप संपवायचे. काकांच्या वाटणीचं जेवायचं आणि बाहेर येऊन आजीसमोर चेहरा कोरा ठेवायचा, केवढं ओझं ते! कारण प्रभावतीदेवींना, सुभाषबाबूंच्या आईला, त्याच घरात असून काही माहीत नव्हतं. पुढच्या तारखा घातलेली पत्रंही मागं ठेवली होती. ती वाचून पोलीस निश्चिंत. २६ जानेवारीला घरच्यांनीच ‘सुभाष कुठं गेला?’ असा गलका केला.

इथवर गुपित घरानं राखलं. ते फुटलं काबूलला.

अफगाणिस्तान युद्धात तटस्थ होता, त्यामुळं तिथं इंग्रजांच्या शत्रूंच्या वकिलाती राजरोस चालत. पठाणी वेशात, मुक्या-बहिऱ्याचं सोंग घेऊन सुभाषबाबू तिथं पोचले. सोबत भगतराम तलवार. उत्तमचंद मल्होत्रा या रेडिओ दुकानदाराच्या घरी आसरा मिळाला. रशियनांनी दाद दिली नाही. अखेर २२ फेब्रुवारीला इटलीचे वकील क्वारोनी भेटले. त्यांनी रोमला सांकेतिक तार केली. पण इटलीच्या या तारा इंग्रज उलगडून वाचत होते! २७ फेब्रुवारीला त्यांना कळलं, सुभाष काबूलमध्ये आहेत. ज्या तारेनं सुटकेची वाट उघडायची, तिनंच त्यांचा ठावठिकाणा सांगितला.

७ मार्चला इस्तंबूल आणि कैरोतल्या ब्रिटिश हेरांना हुकूम गेला : वाटेत गाठून ठार करा. २००५ साली आयरिश इतिहासकार युनान ओ’हाल्पिन यांनी कागदपत्रांतून हे उघड केलं. तोपर्यंत आपल्याला एवढंच ठाऊक होतं, की इंग्रजांना त्यांना पकडायचं होतं.

काबूलमध्ये कुणालाच याची कल्पना नव्हती. क्वारोनींच्या पत्नी लारिसा, मूळच्या रशियन, मार्चमध्ये स्वतः उत्तमचंदांच्या दुकानात आल्या. मॅडम गिऱ्हाईक म्हणून आल्यात, असंच कुणालाही वाटावं. निरोप होता : नवा फोटो काढा, कपडे शिवा. ‘ऑर्लांदो माझोत्ता’ या इटालियन नावाच्या पासपोर्टवर तो फोटो लागला.

१८ मार्चला सुभाषबाबू मोटारीनं निघाले. इंग्रजांचा अंदाज होता, ते इराण-तुर्कस्तानमार्गे जातील. पण रशियानं परवाना दिला आणि ते समरकंदहून रेल्वेनं मॉस्कोला, तिथून बर्लिनला गेले. इस्तंबूलचे हेर वाट पाहत बसले.

महिनाअखेरीस कलकत्त्याच्या घरी पत्र आलं. टपालानं नाही. भगतराम स्वतः घेऊन आले होते.