ग्लूटेनवर्ज्य पथ्य आणि आपले औषधालय

दीर्घकालीन अतिसार, पांडुता, मुलांची खुंटलेली वाढ अशी लक्षणे घेऊन येणाऱ्या रुग्णाचे निदान आपण बहुधा ग्रहणी असे करतो व गहू बंद करावयास सांगतो. अशा काही रुग्णांना प्रत्यक्षात सीलिअ‍ॅक व्याधी असतो. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, युरोपात पिकणारे धान्य) यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे त्यांच्या लहान आतड्यातील अंकुर झिजतात व आहाररसाचे शोषण मंदावते. गव्हाशी असलेला हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला.

अशी शंका आल्यास गहू थांबविण्यापूर्वीच रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांची तपासणी व आवश्यक तेथे आतड्याची बायोप्सी करवून घ्यावी. पथ्य आधी सुरू झाल्यास तपासणी निर्दोष येऊन निदान हुकू शकते. निदान महत्त्वाचे अशासाठी की, इतर ग्रहणीत अग्निबल सुधारल्यावर पथ्य शिथिल करता येते. येथे मात्र लक्षणे शमली तरी ते आजन्म पाळावे लागते.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा ही धान्ये आपल्याकडे परिचित असल्याने मुख्य आहाराची अडचण फारशी नाही. अडचण येते ती नकळत पोटात जाणाऱ्या गव्हाची. गिरणीत गव्हामागोमाग दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळते. भाजणीत पुष्कळदा गहू असतो, तर सातूच्या पिठात गहू किंवा जव.

औषधांबाबतही हीच दक्षता हवी. बाजारातील हिंगात अनेकदा मैदा मिसळलेला असतो. तोच हिंग हिंग्वाष्टक चूर्णात वापरला तर मैदाही रुग्णाच्या पोटात जातो. अगस्त्यहरीतकी अवलेहाच्या पाठात यव आहे. सौवीर कांजीही यवापासूनच सिद्ध होते. वटींमधील स्टार्च मक्याचा की गव्हाचा, हे उत्पादकास विचारल्याखेरीज कळत नाही.

खाद्यपदार्थावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे लिहिण्यासाठी भारतीय नियमांनुसार ग्लूटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. ही मर्यादा पाहता औषधनिर्मात्यांनी अशा रुग्णांसाठी शुद्ध हिंग वापरावा, खल व चाळण्या स्वतंत्र ठेवाव्यात आणि घटकांत गहू वा जव असल्यास वेष्टनावर स्पष्ट नमूद करावे. वैद्याने सांगितलेले पथ्य त्याच्याच औषधाच्या पुडीने मोडू नये.