विवाह, मालमत्ता आणि सीमारेषा

सिंधुदुर्गातल्या मुली गोव्यात देणे आणि तिकडच्या मुली सुना म्हणून आणणे आपल्या भागाला नवीन नाही. सोयरीक जुळवताना पत्रिका, शिक्षण, नोकरी यांची कसून चौकशी होते. परंतु या जोडप्याच्या मालमत्तेला कायदा कुठला लागणार, हा प्रश्न मी तरी कोणत्याही बैठकीत निघालेला ऐकला नाही. वास्तविक बांदा सोडून पत्रादेवी गाठली की या प्रश्नाचे उत्तरच बदलते.

महाराष्ट्रात हिंदू पती-पत्नींची मिळकत ज्याची त्याची असते. घर एकट्या पतीच्या नावावर व त्याच्या कमाईचे असेल, तर पत्नीला पोटगी वा निवासाचा हक्क मागता येतो. लग्न झाले एवढ्यावरून मालकी मिळत नाही.

गोव्यात मात्र १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १९६१ च्या मुक्तीनंतरही, १९६२ च्या अधिनियमाने, चालू राहिला. त्याप्रमाणे वधूवरांना विवाहापूर्वी नोंदणीकृत करार करून मालमत्ता पूर्णपणे वेगळी ठेवता येते, किंवा फक्त विवाहानंतरची मिळकत समाईक करता येते. मात्र लग्नानंतर हा करार बदलता येत नाही. करार केलाच नाही, तर सर्व मालमत्ता समाईक होते. समजा, वराची मिळकत साठ लाखांची आणि वधूची वीस लाखांची आहे. तर दोघांचा हिस्सा प्रत्येकी चाळीस लाखांचा. शिवाय घर-जमीन विकायची तर दोघांचीही संमती लागते.

गंमत अशी की, खुद्द पोर्तुगालने १९६७ पासून ही पद्धत बदलली. तेथे करार नसेल, तर आता सर्वसाधारणपणे विवाहानंतर मिळवलेलेच समाईक धरतात.

मग गोवेकराने मुंबईत घर घेतले तर? मुंबईतील अशाच एका मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निर्णय दिला, की गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कोठेही असो, तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागतो. हा निर्णय वारशापुरता आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही कायदा मालमत्तेच्या जागेमागे न जाता माणसाच्या अधिवासामागे जाऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट होते.

परदेशी स्थायिक होणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. पोर्तुगालसह युरोपातील अठरा देशांनी २९ जानेवारी २०१९ पासून एक समान नियम लागू केला आहे. दोघांपैकी एकाचे नागरिकत्व किंवा नेहमीचे वास्तव्य ज्या देशात असेल, त्या देशाचा कायदा जोडप्याला लेखी निवडता येतो. निवड केली नाही, तर विवाहानंतर दोघांनी प्रथम जेथे संसार थाटला, तेथील कायदा सामान्यतः लागतो. लग्नानंतर थेट लिस्बनला बिऱ्हाड करणाऱ्या जोडप्याची मालमत्ता अशा रीतीने नकळत तेथील कायद्याखाली जाऊ शकते.

तात्पर्य, गप्प बसणे हीदेखील एक निवडच आहे. फक्त ती आपल्या वतीने कायदा करतो. बहुधा वैधव्य किंवा घटस्फोट ओढवल्यावरच ती उमगते, आणि तिची झळ अधिक बसते ती स्त्रीला. आपल्यापैकी अनेकांची लग्ने अजून व्हायची आहेत. बैठकीत हा विषय काढणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. मानपानाच्या यादीवर तासभर घालवणाऱ्यांनी या प्रश्नासाठी निदान दहा मिनिटे द्यायला काय हरकत आहे?