आजोबांच्या सायकलचे तीन अंगरखे

पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. त्या दिवसांतली आमच्या आजोबांची सायकल वर्षानुवर्षं जिन्याखाली पडून होती. रंग हिरवा, पण सगळीकडे पोपडे आलेले. गेल्या मे महिन्यात माझा आठवीतला भाचा आला आणि म्हणाला, “मामा, आपण हिला नवी करू या!” मी हो म्हणेपर्यंत पठ्ठ्याने पॉलिश पेपर घेऊन ओसरीतच खसाखसा घासायला सुरुवातही केली. हिरवी भुकटी उडू लागली. शेजारीच त्याची दीड वर्षांची बहीण फरशीवर खेळत होती आणि हात तोंडात घालत होती.

“थांब!” मी ओरडलोच.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. पूर्वी लोखंड गंजू नये म्हणून त्यावर शेंदराचा हात देत, आणि शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. वरच्या झगझगीत रंगांतही शिसं घालत. आपल्याकडे घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, असा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. आजोबांची सायकल त्याच्या कितीतरी आधीची! हे शिसं पोटात किंवा श्वासात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. म्हणून जुना रंग कोरडा कधीच घासू नये.

मग ओसरी ओल्या फडक्याने पुसली, छोटीला आत नेलं. घासायचं काम मी घेतलं, त्यामुळे भाचा जरा रुसला. पण त्याच्याकडेही काम कमी नव्हतं. हँडल, चिमटा, चाकं सोडवण्याआधी त्याने फोटो काढले, छर्रे मोजून डबीत ठेवले. मी अंगणात प्लॅस्टिक अंथरलं, मास्क आणि हातमोजे चढवले आणि पाण्यात भिजवलेल्या पेपरने घासू लागलो. रंगाचा चिखल गटारात न सोडता पिशवीत बांधला. (रंग सोडवायचं रसायनही मिळतं. पण त्याची वाफ वाईट आणि कातडी भाजते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.)

हिरव्याखाली निघाला लाल आणि लालखाली अस्सल काळा, त्यावर केसाएवढी सोनेरी रेघ! ती पाहून माझा हात थांबला. घासली की ती पुन्हा मिळणार नव्हती. भाच्याने लांबून तिचाही फोटो काढला, मगच पुढे गेलो. खरं सांगू? मूळ रंग बराच शाबूत असता तर मी तो तसाच ठेवला असता. पण खालून गंज चढला होता.

शेवटी करडं पोलाद उघडं पडलं. नळ्यांच्या सांध्यांशी मात्र पिवळी किनार! ते पितळ. नळी खोबणीत बसवून फटीत वितळलेलं पितळ सोडतात. पितळ साधारण ९०० अंशांना वितळतं, पोलादाला १४००हून जास्त लागतात. म्हणून नळी न वितळता जोड पक्का बसतो. सीटखाली रंगाने बुजलेला नंबरही दिसू लागला.

उघडं पोलाद दमट हवेत एका रात्रीतही गंजतं. म्हणून फडक्याने कोरडं करून त्याच संध्याकाळी रेड ऑक्साइडचा हात दिला. गंमत म्हणजे त्यातला तांबडा रंग हाही लोखंडाचा ऑक्साइडच, गंजाचा भाऊ!

आता वरचा रंग कोणता, यावर घरात वाद चालू आहे. आजी म्हणते काळा, भाचा म्हणतो हिरवा.