मालगाड्या लांबल्या, माल आखूड झाला

७ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया–डोंगरगड चौथ्या लाइनीला मंजुरी दिली. ८४ किलोमीटरचं काम. बातमी वाचून आनंद झाला, पण शेवटच्या ओळींपाशी मी अडलो. मंजूर मार्गांवरून कोणता माल जाणार, याची यादी तिथे होती: कोळसा, कंटेनर, सिमेंट, राख, धान्य, पोलाद. यादी खरी आहे. गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्याच्या आसपासच्या कुठल्याही फाटकावर उभं राहिलं तर हेच जाताना दिसतं. पण चाळीस वर्षांपूर्वी याच रुळांवरून काय काय जायचं हे ज्याने पाहिलंय, त्याला ती यादी टोचते.

पहिली शंभर वर्षं भराभर सांगतो. १८८० ते ८२ च्या दरम्यान नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज आली. १८८७ साली बेंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली, तिने तो मार्ग घेतला आणि मोठा, म्हणजे ब्रॉडगेज, केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नैनपूर, जबलपूरकडे अडीच फुटी छोटी लाइन गेली, नंतर नागभीडकडेही गेली. गोंदिया जंक्शन झालं ते असं. मला बोलायचंय ते ऐंशीच्या दशकाबद्दल.

तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. कुडवा हे गोंदियापासून वेगळं गाव होतं, मध्ये धानाच्या बांध्या होत्या. गावातली बरीच माणसं यार्डात नाहीतर मालधक्क्यावर कामाला असत, आणि संध्याकाळी त्यांच्याकडून बातमी यायची, "आज ओडीसी येऊन राहिली, चाल पाहाले." आम्ही सायकली काढायचो.

ओडीसी म्हणजे मापाबाहेरचा माल. मोठ्या लाइनीवर भरलेल्या वाघिणीला रुंदीत ३२५० मिलिमीटर आणि मधोमध उंचीत ४२६५ मिलिमीटर एवढीच मुभा. याबाहेर माल बोटभर जरी डोकावला तरी त्याची वेगळी नोंद, वेगळी परवानगी. पूल, बोगदा, फलाट, सिग्नलचा खांब, यांच्यापासून किती जागा उरते त्यावर ए, बी आणि सी असे वर्ग. सी सगळ्यात अवघड. त्याला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते, सोबत माणसं लागतात आणि तो दिवसाउजेडीच चालवायचा असतो. रुंद मालासाठी शेजारच्या लाइनीवरची गाडीही स्टेशनातच रोखून धरावी लागते. गोंदियाच्या पुढे आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसाचा घाट नि बोगदा. दिवस कलल्यावर असा माल घाटात सोडायचा नाही, म्हणून तो रात्रभर गोंदियाच्या यार्डात मुक्कामाला राहायचा. आम्हाला तो जवळून बघायला मिळायचा तो या नियमामुळेच.

त्या वर्षांत पूर्वेला कोरब्याला वीजकेंद्रं उभी राहत होती, एनटीपीसीचा पहिला संच १९८३ सालचा. भिलाईचा कारखाना वाढत होता. मला आठवणारा सगळ्यात मोठा माल म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर. वाघीण मधोमध खोल गेलेली, पोट रुळांपासून वीतभर वर, दोन्ही टोकांना चाकांच्या रांगा. यार्डवाले तिला वेल वॅगन म्हणत. तिच्या खोलगट भागात तो राखाडी ठोकळा बसवला होता, खाली लाकडी ओंडक्यांच्या पाचरी, चारी बाजूंनी ताणलेल्या साखळ्या. आतलं तेल काढून टाकलेलं, वरची चिनी मातीची शिंगं उतरवून तोंडं पोलादी झाकणांनी बंद केलेली, कारण तीच उंची सगळ्यात आधी आड येते. ओल शिरू नये म्हणून आत नायट्रोजन भरलेला, आणि बाजूला वाटीएवढी तबकडी, गॅसचा दाब दाखवणारी. कारखान्याचा एक माणूस ब्रेकव्हॅनमधून सोबत आला होता. गाडी थांबली की तो पहिल्यांदा टॉर्च घेऊन त्या काट्यापाशी जायचा, वहीत आकडा लिहायचा, मग चहा. टीएक्सआर मंडळी, म्हणजे गाड्या तपासणारे, चाकं ठोकून बघत होती, साखळ्यांवर हात फिरवत होती. सकाळी उजाडल्यावर गाडी माणूस चालतो तेवढ्या वेगाने यार्डातून सुटली. फलाटावरचे हमाल ओझी खाली ठेवून बघत उभे होते.

ओडीसी क्वचितच यायची, पण चमत्कारिक माल रोजचाच होता. ताडपत्रीखालचे रणगाडे, नवे ट्रॅक्टर, राइस मिलची यंत्रं, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची फुगलेली पोती. सर्कस आली की हत्ती वाघिणीतून फळीवरून उतरायचे आणि त्या दिवशी शाळा ओस पडायची. छोट्या लाइनीवरून बालाघाट, मंडल्याच्या जंगलातलं साल नि साग यायचं. लांब लाकूड एका वाघिणीत मावत नसे, मग पुढे एक रिकामी वाघीण जोडायची, नुसती टोकाला जागा द्यायला. तिला डमी म्हणत. गोंदियात हा सगळा माल छोट्या लाइनीवरून मोठ्या लाइनीवर चढवावा लागे. माणसांच्या खांद्यांवरून, दोरांवरून, आरोळ्यांच्या तालावर. त्या कामावर कुडव्यातली कितीतरी घरं चालली.

हे सगळं संपलं ते कोळशामुळे, असं मी ठाम म्हणतो. १९८०-८१ साली रेल्वेची मालवाहतूक १९६ दशलक्ष टनांवर अडकली होती, वीजकेंद्रं कोळशासाठी ओरडत होती. रेल्वे बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष एम. एस. गुजराल यांनी धोरणच बदललं. एकेक वाघीण यार्डात वेचून गाडी जुळवायची नाही, एकाच मालाची पूर्ण गाडी भरायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवायची. पुढच्याच वर्षी आकडा २२१ वर गेला. देशाच्या विजेसाठी ते बरोबर होतं, हे मला मान्य आहे. पण अडचण मिटल्यावरही दार उघडलं नाही, त्याचा राग आहे. एका वाघिणीचा माल घेऊन जाणाऱ्याला खिडकीवरून परत पाठवायला सुरुवात झाली. माझ्या ओळखीच्या एका राइस मिलवाल्याला बॉयलर आणायचा होता. त्याला सरळ सांगितलं गेलं, पूर्ण रेक असेल तर बोला. बॉयलर ट्रकने आला आणि त्याने पुन्हा कधी रेल्वेचं नाव काढलं नाही. अशी गिऱ्हाइकं देशभर गेली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मालवाहतुकीचा ऐंशी टक्क्यांहून मोठा वाटा रेल्वेकडे होता, आज तो पाव हिश्शाच्या जरा वर उरलाय.

मग १९९० च्या सुमारास विजेची तार आली. गाड्या जलद झाल्या, धूर गेला, पण डोक्यावर साडेपाच मीटरला तार असली की उंच माल नेताना ठिकठिकाणी वीज बंद करावी लागते. परवानग्यांचे कागद वाढले आणि मुक्कामाचे पाहुणे कमी झाले.

नंतरची वर्षं रुळांनी रुंदावण्याची. नागभीडवरून जाणारी चांदाफोर्टची लाइन मोठी झाली, २००३ साली आम्ही बिलासपूरच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेलो, बालाघाटची लाइन मोठी झाली. २०१५ साली बालाघाट–नैनपूर–जबलपूर छोटी लाइन थांबली. त्या काळात छोट्या लाइनीचं एक डिझेल इंजिन मोठ्या लाइनीच्या सपाट वाघिणीवर साखळ्यांनी बांधून नेताना मी पाहिलं. ज्या इंजिनाने जंगल ओढून आणलं, ते स्वतःच माल झालं होतं. वाईट वाटलं, फार वाईट.

एक नवल मात्र अजून जातं आणि त्यासाठी मी आजही थांबतो. भिलाईचे रूळ. एकेक पट्टा २६० मीटर लांब, आणि एका पट्ट्याखाली कितीतरी वाघिणी. हा पट्टा मधल्या एकाच वाघिणीवर घट्ट आवळलेला असतो, बाकी सगळीकडे मोकळा ठेवलेला. गाडी वळणाला लागली की पोलाद उभ्या उसासारखं झुकतं, टोकं आपापल्या वाघिणीवर सरकतात आणि सरळ रस्ता आला की पुन्हा जागेवर येतात. भिलाईच्या नव्या गिरणीत तर १३० मीटरचा अखंड रूळ निघतो, म्हणजे २६० मीटरला जोड फक्त एक. ज्या रुळांवरून सगळं जातं ते रूळ असे जातात, हे मुलांना दाखवायला हवं.

पण वर्तमानपत्रांत मोठेपणा गाजतो तो दुसराच. १५ ऑगस्ट २०२२ रोजी सुपर वासुकी नावाची मालगाडी धावली: २९५ वाघिणी, सहा इंजिनं, साडेतीन किलोमीटर लांबी, सत्तावीस हजार टन कोळसा, कोरब्याहून राजनांदगाव, २६७ किलोमीटर. त्याआधी शेषनाग, वासुकी. ती गाडी चालवणाऱ्यांचं कौशल्य अस्सल आहे, त्याला माझा सलाम. मात्र त्या २९५ वाघिणींत एकच माल होता. आज रेल्वे वर्षाला सोळाशे दशलक्ष टनांच्या वर माल नेते आणि त्यातला निम्मा कोळसा आहे. लांबी वाढवणं जमलं, तर रुंदी का जमू नये?

रस्ता आहे की, असं मला सुनावणारे भेटतात. त्यांनी नाशिकची गोष्ट आठवावी. इस्रोसाठी बनलेला अवाढव्य ऑटोक्लेव्ह जुलै २०१९ मध्ये नाशिकहून ७४ चाकांच्या ट्रेलरवर निघाला आणि तिरुवनंतपुरमला पोहोचला जुलै २०२० मध्ये. सतराशे किलोमीटरला एक वर्ष. वाटेत तारा उचला, झाडं छाटा, त्यात टाळेबंदी. साडेसात मीटर उंचीची वस्तू आपल्या जुन्या रेल्वेमार्गांवरून जाऊच शकली नसती, हेही खरं. म्हणून तर नवीन मार्ग आखताना विचार व्हायला हवा. पश्चिमेच्या समर्पित मालवाहू मार्गावर तार उंच बांधली, म्हणून तिथे आज कंटेनरवर कंटेनर चढवून गाड्या धावतात. ठरवलं म्हणून झालं.

आता दरेकसाच्या डोंगरात चौथ्या लाइनीची आखणी होईल. माझी मागणी छोटी आहे. ती लाइन मापाबाहेरच्या मालाची धरून आखा. बोगदा घ्यावा लागला तर तो उंच आणि रुंद घ्या, तार वर बांधा, दोन लाइनींमधलं अंतर मोकळं ठेवा. आणि गोंदियाच्या मालधक्क्यावर एक धक्का एका वाघिणीच्या गिऱ्हाइकासाठी राखा. राइस मिलवाला असो, शेतीची यंत्रं विकणारा असो, त्याने एकच वाघीण मागितली तरी त्याला दर सांगणारा माणूस खिडकीत बसवा. खासदार, आमदार, व्यापारी मंडळ, सगळ्यांनी हे आत्ता मागायला हवं, आराखड्यावर सह्या होण्याआधी.